मिसळ निवडून आली, मग पुढे?

(दृश्य : नौपाड्यातला एक लहान हॉल. सतरंजीवर मतपत्रिकांचे गठ्ठे.)

उमेदवार पाच : मिसळ, वडापाव, थालीपीठ, साबुदाणा वडा आणि पोहे. जागा 3. मतपत्रिका घरच्या प्रिंटरवर काढलेल्या. मोजणारी मंडळी मात्र खरीखुरी पदवीधर आहेत. मुंबई विद्यापीठाच्या अधिसभेच्या, म्हणजे कारभारावर प्रश्न विचारणाऱ्या सिनेटच्या, निवडणुकीत मतं कशी मोजतात ते शिकायला ती रविवारची झोप मोडून आली आहेत.

(जवळून : एक मतपत्रिका.)

हिच्यावर आकड्याऐवजी बरोबरची खूण आहे. बाद. इथे 1, 2, 3 असा पसंतीक्रम लिहायचा असतो, आणि चांगले शिकलेले लोकही नेमके इथेच चुकतात.

उरल्या 24. जागांत एक मिळवायचा, त्याने मतांना भागायचं आणि उत्तरात पुन्हा एक मिळवायचा. 24 भागिले 4, सहा. अधिक एक, सात. हा झाला कोटा. मिसळीला पहिल्या पसंतीची 9 मतं, म्हणजे ती निवडून आली. वडापाव सहावर अडकलाय. पण मिसळीची वरची 2 मतं वाया जात नाहीत, ती दुसऱ्या पसंतीकडे वळतात. वडापाव तरतो की नाही, ते या उलगडलेल्या गठ्ठ्यावर ठरणार. तळाला पोहे, 2 मतं. पोहे बाद होतात, त्यांच्या मतदारांची पुढची पसंती मात्र मोजणीत राहते.

कोपऱ्यातून एक काका विचारतात, “म्हणजे सगळ्या जागा एकाच गटाकडे जाऊ नयेत म्हणूनच ना हे?”

हेतू तोच. पण अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांच्या 10 जागा आहेत, आणि 2018 मध्ये त्या दहाच्या दहा युवा सेनेने जिंकल्या. 2024 मध्येही तसंच झालं. त्या वर्षीचं मतदान 22 सप्टेंबरला ठरलेलं. दोन दिवस आधी स्थगिती आली आणि उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ते 24 तारखेला झालं. जिंकणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांनी पदवीधरांची मतदार म्हणून नोंदणी करून घेतली. मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंत पसरलेल्या विद्यापीठात मतदार होते जेमतेम 13 हजारांच्या घरात. बाकीचे पदवीधर कुठे होते?

(दृश्य : कलिना संकुलाचं प्रवेशद्वार, झाडं, वर्दळ.)

अधिसभेच्या बैठकीचं चित्रीकरण आमच्याकडे नाही, म्हणून हे फाटक. जानेवारी 2015 मध्ये याच संकुलात भारतीय विज्ञान काँग्रेसचं 102 वं अधिवेशन भरलं. त्यात प्राचीन भारतातल्या विमानविद्येवर एक निबंध वाचला गेला. आधार होता ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाचा. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी तो ग्रंथ 1974 मध्येच तपासला होता. ग्रंथ विसाव्या शतकातला, आणि त्यातली विमानं उडणं अशक्य, असा त्यांचा निष्कर्ष होता. तरी निबंध वाचला गेलाच.

राज्यघटनेच्या कलम 51क (ज) मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन हे नागरिकाचं कर्तव्य म्हटलंय. विद्यापीठात ते कोण पाळतंय, हे विचारायला अधिसभा आहे. अंदाजपत्रक तिच्यासमोर येतं, सदस्यांना प्रश्न विचारता येतात. अभ्यासक्रम अभ्यास मंडळं आणि विद्यापरिषद ठरवतात. तिथे नामनिर्देशित मंडळी बरीच, म्हणून निवडून गेलेल्या माणसाचा आवाज जास्त लागतो.

विद्यार्थ्यांचं काय? 2016 च्या विद्यापीठ कायद्याने त्यांना पुन्हा थेट मतदानाचा मार्ग खुला केला. 2019 मध्ये निवडणुका जाहीर झाल्या आणि पुढे ढकलल्या गेल्या.

(दृश्य : बाळकुम, विद्यापीठाचा ठाणे उपपरिसर. रस्त्यालगत टेबल, त्यावर फायली.)

हॉलमधली तीच मंडळी आता इथे आहेत. पुढची नोंदणी सुरू झाली की कोणती कागदपत्रं लागतील, ते समजावतायत. मघाशी गठ्ठा उलगडणारी मुलगी एका आजोबांचं पदवी प्रमाणपत्र हातात घेऊन वाचतेय. लॅमिनेशन पिवळं पडलंय.

हेल्मेट न काढताच एक तरुण विचारतो, “माझी डिग्री कोल्हापूरची आहे, शिवाजी विद्यापीठाची. राहायला इथेच, माजिवड्याला. मला चालेल का?”

“इथे नाही चालणार, दादा. तुमचं मत तिकडच्या अधिसभेसाठी. तिथे नाव घातलंय का?”

“तिथेही असते का निवडणूक?”