भिंतीवरचा तो डबा कधी काढायचा?

मंडळी, आधी जरा हात वर करा बघू. तुमच्या ऑफिसातला फोनचा तो डबा, म्हणजे ईपीएबीएक्स हो, बाहेरच्या थोड्या लाइन ऑफिसातल्या सगळ्या फोनना वाटून देणारा, कपाटामागे नाहीतर जिन्याखाली टांगलेला असतो तो, नक्की कुठे आहे हे किती जणांना माहितीये? बरं, निम्म्याच्या आसपास. आणि त्याच्या प्रोग्रामिंगचा पासवर्ड कोणाकडे आहे? एक हात, आणि तोही खांद्यापर्यंतच आला. ठीक आहे, म्हणजे मी योग्य ठिकाणी आलोय.

मला लोक नेहमी विचारतात, आमची सिस्टिम पंधरा वर्षांची झाली, आता बदलू का? आता वयावरून मी काय सांगणार? वीस वर्षं तक्रार न करता चाललेले डबे मी बघितलेत आणि चार वर्षांत राख झालेलेही बघितलेत. त्यामुळे मी उलट एकच विचारतो, की आज रात्री हा डबा बंद पडला तर उद्या संध्याकाळपर्यंत तो चालू करून देणारं कोण आहे आणि त्याला लागणारं कार्ड, म्हणजे आतली सर्किटची पाटी, कुठून येणार? यावर दोन नावं पटकन आली तर बिनधास्त बसा, वर्षभर मला फोनसुद्धा करू नका. एकच नाव आलं तर तयारीला लागा. एकही आलं नाही तर तुमची सिस्टिम गेलेलीच आहे असं धरा, रिंग अजून वाजतेय एवढंच.

हे मी अनुभवातून सांगतोय. एका ऑफिसची सिस्टिम बरीच वर्षं मी बघायचो, वीसेक एक्स्टेन्शन, म्हणजे आतले फोन, अगदी गुणी डबा. एकदा आठवड्याच्या शेवटी बरेच तास लाइट गेली, परत आली तेव्हा डब्यावरचे सगळे दिवे हिरवे, डायल टोन आहे, सगळं छान, फक्त बाहेरून आलेला प्रत्येक कॉल रिसेप्शनऐवजी गोडाऊनमध्ये वाजायला लागला आणि मालकांच्या केबिनचा नंबर हिशेबनिसाकडे गेला. काय झालं होतं, तर जुन्या डब्यांमध्ये प्रोग्रामिंग जपून ठेवायला आत एक छोटी बॅटरी असते, ती कधीच मेलेली, आणि लाइट गेल्यावर डबा सगळं विसरून कंपनीतून आला तसा कोरा झाला. पूर्वी कोणी काय सेट केलं होतं याचा कागद? नाही. बॅकअप? नाही. मग मी आणि रिसेप्शनवरच्या ताई दोघांनी बसून, कोण कुठे बसतं हे आठवून आठवून, अख्खा दिवस एकेक एक्स्टेन्शन परत लावलं. नाणं असतं ना, तेवढी ती बॅटरी. आणि खरं सांगतो, चूक माझीही होती, मी ती कधी बघितलीच नव्हती.

डब्यात म्हातारं काय होतं हे माहिती असलेलं बरं. सगळ्यात आधी जातो पॉवर सप्लाय. त्यात कपॅसिटर असतात, आत ओला रसायनी द्रव असलेले, आणि त्यांचं साधं गणित असं की तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. त्यामुळे हवा न खेळणाऱ्या कपाटात कोंबलेला डबा आणि मोकळ्या भिंतीवरचा डबा, एकाच दिवशी घेतलेले असले तरी एका वयाचे नसतात. कपॅसिटरचं डोकं फुगलेलं दिसलं, डबा चालू करताना गुंss असा आवाज आला, बोलताना मागे घरघर यायला लागली, की समजायचं. दुसरी गोष्ट बाहेरून येणारी तार. वीज कडाडली की तो झटका तारेवरून थेट ट्रंक कार्डात, म्हणजे बाहेरच्या लाइन जोडतात त्या कार्डात, येतो, आणि अर्थिंग धड नसेल तर प्रोटेक्शन लावूनही उपयोग नाही. तिसरी गोष्ट व्हॉइसमेलची डिस्क, ती कधी जाईल ते कोणीच सांगू शकत नाही. आणि टेबलावरचे फोन. जुन्या डिजिटल सिस्टिमचे फोन फक्त त्याच सिस्टिमवर चालतात, म्हणजे दुसऱ्या कंपनीचा डबा आणलात की टेबलावरचे सगळे सेट रद्दी. हे कोणी आधी सांगत नाही, मी सांगतोय.

कधीकधी डबा ठणठणीत असतो आणि कंपनीच जाते. नॉर्टेल या फोन सिस्टिम बनवणाऱ्या कंपनीचं उदाहरण घ्या, छोट्या ऑफिसांत तिचे नॉरस्टार डबे किती लागले होते, मजबूत एकदम. जानेवारी २००९ मध्ये कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली, त्या धंद्याचा ऑफिस फोनचा भाग त्याच वर्षी अवाया या दुसऱ्या कंपनीनं घेतला. डबे नंतरही वर्षानुवर्षं वाजत होते, पण पार्ट हळूहळू सेकंडहँडच मिळायला लागले आणि त्यातलं कळणारे लोक दुसऱ्या कामाला लागले. सिस्टिमचं खरं वय मोजायचंच असेल तर असं मोजा, तुमच्या मॉडेलचा माहितगार माणूस शोधायला किती फोन करावे लागतात.

आता जरा वेगळ्या आजाराकडे येतो, कारण निम्मे लोक डबा बदलायला निघतात तेव्हा बिघाड डब्यात नसतोच. तक्रार अशी असते की "फोन लागत नाही म्हणतात गिऱ्हाइकं." अहो, लाइन कमी आहेत! एंगेज टोन आपल्याला ऑफिसात बसून कधी ऐकू येतच नाही, तो समोरच्याला ऐकू येतो आणि तो दुसरीकडे जातो, आपल्याला पत्ताही लागत नाही. ए. के. एर्लांग म्हणून कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतले एक गणिती होते, त्यांनी १९०९ आणि मग १९१७ मध्ये या गोष्टीचं गणित बसवलं आणि ते आजही चालतं. समजा तुमच्याकडे दहा माणसं आहेत आणि सगळ्यात गर्दीच्या तासाला प्रत्येक जण बारा मिनिटं बाहेरच्या कॉलवर असतो, म्हणजे एका तासात १२० मिनिटांचं बोलणं. सहज वाटतं की दोन तासांचं बोलणं आहे, तीन लाइन घेतल्या की झालं. नाही. तीन लाइनवर शंभरातले जवळजवळ २१ कॉल अडतात. चार घेतल्या तर नऊ-दहा, पाच घेतल्या तर चारच्या आत, आणि सहा लाइनवर कुठे एकाच्या आसपास येतं. आणि हे गणित असं धरून चालतं की अडलेला माणूस परत लावत नाही, प्रत्यक्षात तो लगेच परत लावतो, म्हणजे गर्दी आणखीनच. तेव्हा डब्याला शिव्या घालायच्या आधी फोन कंपनीकडून किती कॉल एंगेज मिळाले याचा रिपोर्ट मागा, बऱ्याच कंपन्या देतात. कधीकधी दोन लाइन वाढवल्या की पुढची तीन वर्षं सुटतात. अर्थात डब्यात नवीन लाइनसाठी जागाच उरली नसेल आणि वाढीव कार्ड मिळत नसेल, तर तो मात्र बदलायचा खरा मुहूर्त.

आणि एक गोष्ट तुमच्या हातात नाहीच, ती म्हणजे तांब्याची तार. जगभर फोन कंपन्या जुनी एक्स्चेंजेस बंद करतायत. ब्रिटनमध्ये जुनं नेटवर्क आधी २०२५ अखेर बंद होणार होतं, ते आता जानेवारी २०२७ वर गेलंय. जपाननं जानेवारी २०२४ पासून लँडलाइन आयपीवर, म्हणजे इंटरनेटच्या तंत्रावर, न्यायला सुरुवात केली. तुमच्या कंपनीला लेखी विचारा की आमच्या भागात जुनी लाइन कधीपर्यंत देणार, आणि आलेलं उत्तर फाइलला लावा. ती तारीख जवळ असेल तर डबा कितीही गुणी असू दे, ठरलं.

आता नवीन म्हणजे आयपी, मग डबा तुमच्याकडे ठेवा नाहीतर क्लाउडवर. विकणारा काय म्हणतो, तुमचं इंटरनेट फास्ट आहे ना, मग झालं. झालं नाही. एका कॉलला नेहमीच्या कोडेकवर, म्हणजे आवाज आकड्यांत बदलायच्या पद्धतीवर, दोन्ही बाजूंना साधारण ८७ केबीपीएस लागतात, म्हणजे दहा कॉलला एक एमबीपीएससुद्धा लागत नाही, स्पीड हा प्रश्नच नाही. प्रश्न असतो ते आवाजाचे छोटे तुकडे, म्हणजे पॅकेट, वेळेवर आणि सारख्या अंतरानं पोहोचतात का. एका बाजूनं १५० मिलिसेकंदांपर्यंत उशीर चालतो, त्यापुढे दोघं एकमेकांच्या बोलण्यात घुसायला लागतात. कोणीतरी मोठी फाइल अपलोड करत असताना एक कॉल लावून बघा, मग सही करा.

दुसरं म्हणजे वीज. जुना साधा फोन लाइट गेली तरी चालतो, कारण एक्स्चेंजच त्याला तारेवरून ४८ व्होल्ट पुरवतं. ही सोय इतकी गुपचूप होती की कोणाच्या लक्षातच राहिली नाही. नव्यात राउटर, स्विच, डबा, सगळ्यांना यूपीएस लागणार, एकट्या डब्याला लावून उपयोग नाही. आणि जुन्या फोनची दोन तारांची वायरिंग आयपी फोनला पुरत नाही, भिंती फोडायच्या का हे कोटेशनमध्ये आहे का ते बघा, बहुतेक वेळा नसतं.

मधला मार्ग पण आहे, त्याला उगाच कमी लेखू नका. डबा धड आहे पण तांब्याची लाइन जाणार, तर गेटवे, म्हणजे दोन्हींना जोडणारं छोटं यंत्र, लावायचा, बाहेरून आयपी, आतून जुनेच फोन. दोन-तीन वर्षं आरामात निघतात.

सुरक्षेचं एक. जुन्या व्हॉइसमेलचा पासवर्ड अजून १२३४ असेल तर आजच बदला. सुट्टीच्या दिवशी बाहेरचा माणूस त्यात घुसतो आणि तुमच्याच लाइनवरून परदेशात कॉल करत बसतो, कळतं ते बिल आल्यावर. आणि बाहेरचा नंबर लावायला आधी ९ किंवा शून्य दाबायची सवय असते ना, इमर्जन्सीच्या नंबरला ती भानगड नको. अमेरिकेत याच्यावर २०१८ साली कायदा झाला, ऑफिस-हॉटेलच्या फोनवरून आधी काहीही न दाबता थेट इमर्जन्सीला लागलं पाहिजे म्हणून. घाबरलेल्या माणसाला आधीचा ९ आठवत नाही.

बदलायचं ठरलं तर जुनी लाइन आधी कॅन्सल करू नका, नंबर जाईल तो जाईल, आधी पोर्ट होऊ द्या. जुना डबा महिनाभर चालूच ठेवा. आणि डब्यातून निघणारी प्रत्येक तार कुठे जाते ते चालत जाऊन बघा. एका बिल्डिंगमध्ये आम्ही सगळं नवीन करून ऐटीत जुना डबा काढला, आणि आठवड्यानं लिफ्टच्या तपासणीला आलेल्या माणसानं सांगितलं की आतला इमर्जन्सी फोन मेलाय. नशीब, अडकलं कोणी नव्हतं. तशीच एक लाइन चोर-घंटीची असते, एक फॅक्सची, एक गेटवरची.

बोला, मागून कोणीतरी विचारताय? "आम्ही तिघंच आहोत, आम्हाला डबा लागतो का?" नाही हो, तुम्हाला नाही लागत. एक नंबर घ्या जो तिघांच्या मोबाइलवर एकदम वाजेल, पण तो नंबर धंद्याच्या नावावर असू द्या, तिघांपैकी कोणा एकाच्या नावावर नको.