कॅसेटवर नुसतं ‘गाणी’

राम राम मंडळी. आज समुद्राबद्दल बोलायचंय, आता तुम्ही म्हणाल जळगावात बसून समुद्र कुठून काढला, आपल्याकडे तापीला पूर आला की तोच समुद्र. पण ऐका तर खरं.

माझ्याकडे आजीच्या आवाजात कानबाईच्या गाण्यांची एक कॅसेट आहे. वर मीच शाळेत असताना पेनाने लिहिलेलं, ‘गाणी’. बस्स. साल नाही, गाव नाही, मागे साथ देणाऱ्या बाया कोण तेही नाही, आणि आता सांगणारं कोणी उरलं नाही. समुद्राचे आवाज साठवणाऱ्यांचं दुखणंही हेच आहे, फक्त त्यांची कॅसेट लय मोठी.

किती मोठी? तिकडे कॅलिफोर्नियात, मॉन्टेरेच्या खाडीत साधारण ९०० मीटर खोल एक हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातला माईक, २०१५ पासून लावून ठेवलाय. सेकंदाला २ लाख ५६ हजार वेळा आवाज मोजतो, दिवसरात्र, महिन्याला जवळपास २ टीबी, म्हणजे २ हजार जीबी होतात. आपला १२८ जीबीचा मोबाईल दोन दिवसात फुल्ल, तेही गुड मॉर्निंगचे फोटो धरले नाहीत.

मग एवढं डाउनलोड करणार कोण? म्हणून तिथल्या संशोधकांनी मूळ रेकॉर्डिंग तसंच ठेवलं आणि जोडीला १२८ पट हलकी कॉपी केली, ब्लू व्हेलचा आवाज इतका खर्जातला की तो त्या छोट्या कॉपीतही मावतो. दोन्ही क्लाउडवर फुकट, भुसावळचं पोरगंही उघडू शकतं. एमपीथ्री का नाही केलं? अहो, एमपीथ्री माणसाच्या कानाला जाणवत नाही ते फेकून देतं, आणि व्हेल काय आपल्यासाठी थोडीच ओरडतो!

पण खरा जीव लेबलात. माईक कुठे होता, किती खोल, घड्याळ बरोबर चालत होतं का, माईक किती सेन्सिटिव्ह. हे शेवटचं नसेल ना, तर दहा वर्षांत जहाजांचा गोंगाट वाढला की नुसता नवा माईक तेज निघाला, काहीच कळत नाही, सगळे टीबी पाण्यात. अमेरिकेचं असले आवाज जपून ठेवणारं सरकारी आर्काइव्ह कोलोरॅडोतल्या बोल्डर गावात आहे, डोंगराच्या पायथ्याशी, समुद्र हजार किलोमीटरहून लांब. म्हणजे आपणच काय ते लांब नाही.

आणि नको असलेला आवाज पण ठेवायचा बरं का. बर्म्युडाजवळ फ्रँक वॉटलिंग्टन अमेरिकी नौदलासाठी पाण्यातले आवाज ऐकायचे, त्यात हंपबॅक व्हेलचं गाणं सापडलं. ते टेप त्यांनी जपले, व्हेलचा अभ्यास करणाऱ्या रॉजर पेन यांना दिले, १९७० साली त्याची रेकॉर्ड निघाली आणि व्हेल मारू नका म्हणणाऱ्यांना जोर आला.

मागच्या महिन्यात आमची कॅसेट कॉम्प्युटरवर घेतली. भाचा म्हणे, मामा, मागे रेल्वेचा भोंगा येतोय, काढून टाकू? म्हटलं थांब रे! आजीच्या गावाला कुठली आली रेल्वे, हे तर पाचोऱ्याच्या आत्याकडचं असणार.