अर्धा बॅटमॅन, अर्धा जोकर

(स्क्रीनवर: अल्बमचं कव्हर, दुसरं काही नाही)

हे कव्हर नीट बघा. काळ्यावर पिवळा लंबगोल, मधे ते वटवाघूळ. तुम्हाला वाटेल सिनेमाची जाहिरात आहे. तर नाही, हा प्रिन्स या अमेरिकन पॉपस्टारचा अल्बम आहे, 'बॅटमॅन' सिनेमासाठी केलेला, २० जून १९८९ ला आलेला, आणि याच्या कव्हरवर प्रिन्सच नाहीये. आता ज्यांना प्रिन्स माहितीये त्यांना कळेल हे किती विचित्र आहे, कारण वर्षभर आधीच 'लव्हसेक्सी'च्या कव्हरवर हा माणूस मोठ्ठाल्या फुलांमधे अंगावर चिंधीसुद्धा नसताना बसला होता, आणि अमेरिकेतल्या काही दुकानांनी तो अल्बम मांडून ठेवायला चक्क नकार दिला होता. इतका स्वतःला मिरवणारा माणूस, आणि एका वर्षात दुसऱ्याच्या लोगोमागे गायब.

माझं म्हणणं सरळ आहे. त्या उन्हाळ्यात बॅटमॅन सगळ्यात जास्त कुणाला कळला असेल तर तो प्रिन्सला. सिनेमाचा दिग्दर्शक टिम बर्टनपेक्षा, त्यात बॅटमॅन झालेल्या मायकल कीटनपेक्षा. भांडायचंय तर भांडू, पण आधी ऐकून घ्या.

तर सिनेमा. लोकांच्या डोक्यात तेव्हा बॅटमॅन म्हणजे १९६६ ची टीव्ही सिरीयल, अॅडम वेस्ट, राखाडी टाइट्स, मारामारी चालू असताना स्क्रीनवर 'पाव' 'बॅम' अशी अक्षरं. त्यातून बर्टनने हिरो घेतला मायकल कीटन, म्हणजे कॉमेडी करणारा, उंचीने बेताचा, बॉडीबिडी काही नाही. कॉमिक्सवाले असे काही पेटले की सिनेमा काढणाऱ्या वॉर्नर कंपनीकडे निषेधाची जवळपास ५० हजार पत्रं गेली असं सांगतात. पत्रं हां, हाताने लिहून, तिकीट लावून. आजचं ट्रोलिंग निदान फुकट तरी आहे.

या सगळ्यावर उत्तर काढलं ते कपड्यांनी. बॉब रिंगवूड नावाच्या कॉस्च्यूम डिझायनरने टाइट्स फेकून दिल्या आणि कीटनला काळ्या रबरात कोंबलं, छातीपोटाचे मसल्स रबरातच ओतलेले. पण मुखवटा आणि मान सगळं एकसंध, त्यामुळे त्याला मानच वळवता येईना. कुणी बाजूने हाक मारली तर हा खांद्यापासून अख्खा वळणार, दार उघडतं तसा. आतून नीट ऐकूही यायचं नाही. कीटनने पुढे मुलाखतींमधे सांगितलंय की त्या कोंडल्यासारखं वाटण्याचा त्याला रोलसाठी उपयोग झाला, आणि खरंय ते, त्या बॅटमॅनचा जो दरारा आहे ना, त्यातला निम्मा मान न वळण्याचा आहे. पुढे दुसऱ्या बॅटमॅनना मान वळवता यायला लागली, सोय झाली, पण ती ऐट काही आली नाही.

आता म्युझिक. इथे दोन माणसं. एक डॅनी एल्फमन, रॉक बँडचा गायक, ऑर्केस्ट्राचं रीतसर शिक्षण नाही. लंडनजवळच्या पाइनवूड स्टुडिओत गॉथमचा सेट बघून हा परत निघाला आणि विमानात त्याला ती मेन थीम सुचली, मग काय, टेप रेकॉर्डर घेऊन पुन्हा पुन्हा विमानाच्या संडासात, ट्यून गुणगुणून रेकॉर्ड करायला. एअर होस्टेसला वाटलं असणार याचं पोट बिघडलंय. पण ती थीम आजही वाजली की काटा येतो.

दुसरा प्रिन्स. आणि इथे एक गंमत बघा. प्रिन्सचा जन्म ७ जून १९५८, मिनियापोलिस. वडील जॅझ पियानोवादक, घरात पियानो. जानेवारी १९६६ ला ती सिरीयल सुरू झाली तेव्हा हा सात वर्षांचा, आणि त्या पियानोवर कानाने ऐकून जे अगदी पहिलंवहिलं बसवलं त्यात बॅटमॅनची थीम होती. म्हणजे वॉर्नरने याला कामावर घ्यायच्या तेवीस वर्षं आधीच याचं काम सुरू झालेलं.

प्रिन्स वॉर्नरच्याच लेबलवर, सिनेमाही वॉर्नरचा, सिनेमाच्या कच्च्या कटमधे बर्टनने प्रिन्सचीच जुनी गाणी लावून ठेवलेली. ठरलं होतं एखाद-दोन गाण्यांचं. हा गडी सेटवर जाऊन आला, थोडं फुटेज बघितलं, मिनियापोलिसजवळच्या आपल्या पेझली पार्क स्टुडिओत जाऊन बसला आणि काही आठवड्यांत अख्खा अल्बम तयार. थोडा जुना माल झटकून घेतला, ते लपवण्यात अर्थ नाही, 'व्हिकी वेटिंग' हे गाणं आधी भलत्याच मुलीच्या नावाने होतं, नाव बदललं आणि झाली ती बॅटमॅनची हिरॉइन.

पण अल्बमच्या आतला कागद काढून वाचा. प्रत्येक गाण्यापुढे लिहिलंय हे कोण गातंय. 'द फ्यूचर' बॅटमॅन, 'इलेक्ट्रिक चेअर' जोकर, 'लेमन क्रश' चक्क व्हिकी व्हेल, आणि गळा जवळपास सगळीकडे प्रिन्सचाच. आणि एक पात्र त्याने स्वतःच्या पदरचं घातलं, जेमिनी. जेमिनी म्हणजे मिथुन, त्याची स्वतःची रास.

सिनेमात याची गाणी तशी आत-बाहेर करत राहतात, एक सीन सोडून. म्यूझियमचा. जॅक निकलसनचा जोकर जांभळ्या कपड्यांत, डोक्यावर तिरकी टोपी, मागे त्याची पोरं, एकाच्या खांद्यावर भलामोठा टेप आणि त्यावर 'पार्टीमॅन'. जगातल्या भारी भारी पेंटिंग्जवर रंग ओततायत, हाताचे पंजे उठवतायत, नाचतायत. फ्रान्सिस बेकनच्या एका भेसूर चित्रापाशी मात्र जोकर थांबतो, हे राहू दे म्हणतो. पाच मिनिटांच्या आतलं प्रकरण, पण जोकरचा जांभळा आणि प्रिन्सचा जांभळा (जांभळा म्हणजे प्रिन्सचा ठरलेला रंग) एकमेकांना भेटतात ते इथेच, आणि साहजिकच प्रिन्स कुणाच्या पार्टीचा ते कळतं.

(इथे 'बॅटडान्स'च्या व्हिडिओतले स्टिल्स. गाणं लावता येत नाहीये, कॉपीराइटवाले लगेच धरतात, तुम्ही आपापलं लावून ऐका.)

आणि हा 'बॅटडान्स'. याच्या जागी आधी एक दुसरं, जास्त काळोखं गाणं होतं, ते प्रिन्सने स्वतःच बाजूला ठेवलं आणि हे केलं. सहा मिनिटांच्या वर. आधी सुसाट, मधेच सगळं थांबून संथ फंक, मग परत सुसाट, अधूनमधून कीटन, निकलसन आणि व्हिकी झालेल्या किम बेसिंजरचे सिनेमातले डायलॉग कापून पेरलेले, मधूनच ती सिरीयलची सात वर्षांच्या पोराची थीम, आणि वर गिटार अशी की बाकी सगळं क्षणभर विसरायला होतं. रेडिओवर चालणारं गाणं असं नसतं. तरी ऑगस्ट १९८९ मधे अमेरिकेत एक नंबर.

व्हिडिओत जेमिनी दिसतो, म्हणजे प्रिन्सच. एका बाजूने बॅटमॅन, काळा, मुखवटा, केप. दुसऱ्या बाजूने जोकर, पांढराफटक चेहरा, हिरवे केस, जांभळा सूट. शिलाई बरोब्बर नाकावरून खाली. आपल्याला अर्धनारीनटेश्वर लहानपणापासून बघून माहिती, त्यामुळे आपल्याला हे बघून दचकायला होत नाही, लगेच कळतं काय म्हणायचंय. अख्खा सिनेमा दोन तास घालवून सांगतो की याने त्याला घडवलं आणि त्याने याला, शेवटी चर्चच्या टोकावर चढून डायलॉगमधे सांगावं लागतं. प्रिन्सने एक कोट मधोमध शिवून घेतला. आणि त्याची मान वळत होती, नाचत होता तो त्यात! म्हणून म्हणतो, बॅटमॅन यालाच कळला.

पुढचं जरा वैतागाचं आहे. सिनेमाने एकट्या अमेरिकेत २५ कोटी डॉलर कमावले, अल्बम सहा आठवडे एक नंबरवर, आणि १९९३ ला प्रिन्सचा हिट्सचा मोठा संग्रह निघाला तर त्यात 'बॅटडान्स' नाही. एक नंबर गेलेलं गाणं, आणि हिट्समधे नाही! ही गाणी हक्कांच्या बाबतीत सिनेमाशी बांधलेली होती. त्याच १९९३ ला प्रिन्सने स्वतःचं नाव टाकून एक चिन्ह घेतलं, ज्याचा उच्चारच नाही, आणि वॉर्नरशी त्याचं उघड भांडण चालू झालं. माझ्या डोक्यातला एक किडा आहे, पुरावा काही नाही, पण नुसत्या चिन्हाची ताकद काय असते ते हा १९८९ ला त्या कव्हरवर शिकला असणार.

ऐकायचं असेल तर 'बॅटडान्स'पासून सुरू करू नका, डोकं गरगरेल. आधी 'इलेक्ट्रिक चेअर' लावा, मग 'स्कँडलस', रात्री, हेडफोनवर. 'आर्म्स ऑफ ओरायन' सोडून दिलंत तरी चालेल, फार गोड आहे. आणि सप्टेंबर १९८९ च्या 'सॅटर्डे नाइट लाइव्ह'च्या पंधराव्या वर्षाच्या स्पेशलमधे त्याने 'इलेक्ट्रिक चेअर' लाइव्ह केलंय, ते कुठे सापडलं तर हा व्हिडिओ इथेच बंद करून आधी ते बघा.