आईचे खाडे

(दृश्य: स्वयंपाकघराची भिंत. खिळ्याला या वर्षीचं कालनिर्णय, त्याच्यामागे आधीच्या दोन वर्षांची.)

दुधाचा खाडा, पेपरचा खाडा, गॅस कधी लावला, मावशी कधी आल्या नाहीत. आमच्या घरचा सगळा हिशेब या चौकटींत असतो. तीन वर्षांपूर्वी जानेवारीत त्यात एक नवाच आकडा आला. रविवारच्या चौकटीत, पेन्सिलीने, कुणाच्या नजरेत येऊ नये इतका बारीक. ७८.६.

माझ्या आईचं वजन.

(दृश्य: तळहातावर पुठ्ठ्याचं जुनं तिकीट.)

हे तिच्या कपाटातल्या डब्यात सापडलं. स्टेशनावर रंगीत दिव्यांची ती यंत्रं असायची ना? उभं राहून नाणं टाकायचं, चक्र फिरायचं, आत काहीतरी खडखडायचं आणि खाली असं तिकीट पडायचं. एका बाजूला वजन, एका बाजूला भविष्य. भविष्याची शाई उडाली आहे. वजन अजून वाचता येतं, ४७ किलो. लग्नाआधीचं. आईच्या लेखी तेच तिचं खरं वजन होतं. पुढचं सगळं चढत गेलेलं व्याज.

डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत ते तिकीट निकालात काढलं. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी (एचबीए१सी) ६.१ टक्के आली होती. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. मग त्यांनी वजनाआधी टेप घेतली. आपल्याकडच्या बायकांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा ८० सेंटिमीटर धरतात, पुरुषांसाठी ९०. आई ९४.

आपल्यासाठी या मर्यादा इतक्या खाली का, याचं उत्तर देणारा एक फोटो आहे. दोन डॉक्टर शेजारी उभे. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक (आपल्या मुंबईतल्या, परळच्या नव्हे), दुसरे ब्रिटिश, जॉन युडकिन. २००४ साली तो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचा सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२. म्हणजे आपला माणूस अंगाने बारीक दिसला तरी आत चरबी बाळगून असू शकतो.

आईला मात्र एकच प्रश्न होता, “किती उतरवायचं?” तिला वाटलं, तीस किलो सांगतील. डॉक्टर म्हणाले, साडेपाच. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात, २००२ साली तो प्रसिद्ध झाला, लोकांना एवढंच उद्दिष्ट दिलं होतं: वजन ७ टक्के कमी करा आणि आठवड्याला १५० मिनिटं चाला. त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. ७८.६ चे ७ टक्के, साडेपाच किलो.

आई थोडी हिरमुसलीच. एवढंच?

(दृश्य: शिवाजी पार्क, पहाट. आत पोरं मल्लखांबावर. कट्ट्यावर बसलेली, बाहेरून चालणारी माणसं.)

पार्काची एक फेरी सव्वा किलोमीटरच्या थोडी आतच भरते. आई चार मारायची. तीन महिने, जवळजवळ एकही खाडा नाही. काटा मात्र अर्ध्या किलोपेक्षा जास्त हलला नाही. ती वैतागली, “माझी हाडंच जड आहेत.”

हाडांचा काही दोष नव्हता. चार फेऱ्यांनी जेमतेम एक वडापाव फिटतो, तीनशेच्या आसपास कॅलरी. आणि फिरायला येणाऱ्या मैत्रिणींचा कंपू परतताना उडप्याकडे टेकायचा. मेदूवडा आणि दोन चमचे साखरेची कॉफी. चालणं रोज व्हायचं आणि रोज वसूलही व्हायचं.

(दृश्य: तेलाचा पाच लिटरचा कॅन.)

मग मी वाण्याची यादी काढली. महिन्याला पाच लिटर तेल, म्हणजे साधारण साडेचार किलो. घरात माणसं चार. माणशी रोज सदतीस ग्रॅमच्या वर. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने सुचवलेल्या ताटात दिवसाला दोन हजार कॅलरी खाणाऱ्याला वरून घालायचं तेल-तूप सत्तावीस ग्रॅम आहे. वरचे दहा ग्रॅम म्हणजे रोज नव्वद कॅलरी, त्याही कुणाला जाणवत नाहीत अशा. एकट्या फोडणीत.

आईने धार सोडून चमचा धरला. बाबा आठवडाभर प्रत्येक जेवणाला म्हणत होते, “भाजी मिळमिळीत झालीय गं.” आठवड्यानंतर म्हणायचे थांबले. सवय झाली की कंटाळले, मला अजून कळलेलं नाही.

पण खरी गोष्ट तेलाची नव्हतीच. ती मला कॅमेऱ्याने दाखवली.

(दृश्य: रात्रीचं जेवण. सगळे उठलेत. आई ओट्याशी उभी.)

हे बघा. आम्ही जेवून टीव्हीपुढे. आईचंही जेवण झालंय. पातेल्यात वाटीभर भाजी उरली, ती तोंडात. दादाने टाकलेली अर्धी पोळी, तीही. तळाचा भात. “एवढ्याशासाठी डबा कुठे काढू? आणि टाकायचं कसं?” हे तिचं जेवण ती कधी मोजत नव्हती, कारण तिच्या मते ते जेवण नव्हतंच, आवराआवर होती. अन्न टाकणं तिच्या आईला जमलं नाही, तिलाही जमणार नाही. मग रानडे रोडवरून चार छोट्या डब्या आणल्या. उरलेलं डबीत, डबी फ्रीजमध्ये, सकाळी ज्याने टाकलं त्याच्या पुढ्यात. दादाची पोळी टाकायची सवय त्या महिन्यातच सुटली.

उपवासांचंही तेच. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ आपण हसत म्हणतो आणि साबुदाण्याची दुसरी वाटी घेतो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च; वर तूप, बटाटा, दाण्याचं कूट. आईने उपवास सोडले नाहीत. वाटी एकच केली आणि सोबत ताक घेतलं.

इतर दिवशी चार पोळ्यांच्या दोन झाल्या, मटकीची किंवा मुगाची उसळ रोजची झाली. आणि खुर्चीतून हात न टेकता उठायचं, दहा-दहा वेळा, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत. चालण्याने पायांचा दम वाढतो, स्नायू टिकायला जोर लावावाच लागतो.

ऑगस्टात ७३ आलं. साडेपाच किलो झाले. आम्ही पेढे आणले, असो.

(दृश्य: कालनिर्णयाची पानं, मागे-पुढे.)

यापुढचं पान मला दाखवायचं आहे. इथे बाबांचं ऑपरेशन. रविवारच्या आठ चौकटी रिकाम्या. नवव्या रविवारी ७५.८.

वजन उतरलं की शरीर त्याला दुष्काळ समजतं. भूक वाढवणारी संप्रेरकं चढतात, पोट भरल्याचं सांगणारी उतरतात. मेलबर्नच्या संशोधकांना २०११ साली दिसलं की वजन घटवल्यानंतर वर्ष उलटलं तरी हा बदल पूर्ववत झालेला नव्हता. म्हणजे त्या दोन महिन्यांत आईला खा खा सुटली, त्यात जिभेचे चोचले थोडे असतील, पण शरीराचा हट्ट जास्त. हे तिला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा म्हणाली, “मग मला आधी का नाही सांगितलंस?”

या चौकटीत तिने ७५.८ लिहिलं आणि खाली, दुधाच्या खाड्यांसारखंच, ‘खाडे ८’. पेनाने. लपवलं नाही. सोमवारी सहाला पार्कात दोनच फेऱ्या मारल्या.

(दृश्य: आजची सकाळ. जिन्यातून उतरणारे कॅनव्हासचे बूट.)

गेल्या वर्षी गणपतीत सव्वा किलो वाढलं, दसऱ्यापर्यंत उतरलं. यंदा जुलैच्या पावसात पाच खाडे. साखर मागच्या तपासणीत ५.६. कंबर ८६, म्हणजे अजून सहा बाकी. तिकीट तिने परत डब्यात ठेवलंय.

“झालं का शूटिंग? ओट्यावरची डबी दादाच्या पुढ्यात ठेव.”

रविवारची चौकट. दूध दीड लिटर. गॅस लावला. ७०.४.