शून्य टक्के व्याजाच्या काळात कार्डाचा हप्ता चुकला, तर सवलत जाते का?

नमस्कार. कार्डाचे ॲप उघडले, देय तारीख चार दिवसांपूर्वीच उलटून गेल्याचे लक्षात आले, आणि दुसऱ्या कार्डावरून त्याच कार्डावर शून्य टक्के दराने वळवून घेतलेली मोठी रक्कम अजून फिटायची आहे, अशा वेळी माणसाला विलंब शुल्काची धास्ती फारशी वाटत नाही; आपली सवलत गेली की राहिली, हा प्रश्न त्याला छळतो. अमेरिकेतील वैयक्तिक क्रेडिट कार्डांपुरते या प्रश्नाचे उत्तर आज पाहू.

उत्तर बहुतेकांना वाटते त्यापेक्षा दिलासादायक आहे. २००९ साली झालेल्या आणि कार्ड ॲक्ट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्यानुसार, सवलतीचा दर जाहीर केल्यावर तो किमान सहा महिने द्यावा लागतो, आणि किमान देय रक्कम देय तारखेनंतर ६० दिवसांतही जमा झाली नाही, तरच उशिराचे कारण दाखवून जुन्या थकबाकीवरचा दर मुदतीआधी वाढवता येतो. म्हणजे चार दिवसांच्या किंवा अगदी तीन आठवड्यांच्या उशिरामुळे, आधीच वळवलेल्या रकमेवरचे शून्य टक्के रद्द होत नाहीत. फेब्रुवारी २०१० मध्ये हे नियम लागू होण्यापूर्वी परिस्थिती वेगळी होती, आणि एका दिवसाच्या उशिराने सवलत गेल्याच्या ज्या गोष्टी आजही कानांवर येतात, त्यांतल्या बऱ्याच त्या जुन्या काळातल्या आहेत.

तरीही पैसे आजच भरावेत. हा व्हिडिओ थांबवून भरले तरी चालेल. पुढचे बिल आल्यावर दोन्ही महिन्यांचे एकदम भरू, हा विचार सोयीचा वाटतो. पण तोवर दिवस मोजले जात असतात, आणि या मोजणीतच पुष्कळ जण फसतात.

समजा, आपली देय तारीख दर महिन्याची ५ आहे आणि ५ जूनचा हप्ता राहून गेला. ५ जुलैला आपण नेहमीप्रमाणे एका महिन्याची किमान रक्कम भरली आणि सारे सुरळीत झाले असे समजलो. प्रत्यक्षात ती रक्कम सहसा जूनच्या थकीत हप्त्यात वळती होते आणि जुलैचा हप्ता मागे राहतो. त्यानंतर दर महिन्याला वेळेवर पैसे भरूनही खाते कायम एक हप्ता मागेच चालते, त्यात एखादा महिना आणखी चुकला की ६० दिवसांची मर्यादा अचानक जवळ येते, आणि एकच हप्ता तर चुकला होता, असे म्हणत आपण बुचकळ्यात पडतो. म्हणून बिलावरील किमान देय रकमेत मागची थकीत रक्कम धरली आहे का, हे नीट वाचावे आणि तो आकडा पूर्ण भरावा. त्यात दहा डॉलर कमी पडले, तरी हप्ता चुकलेलाच धरला जाऊ शकतो.

[पडद्यावर: दिवस १, दिवस ३०, दिवस ६०]

पहिल्या दिवसापासून विलंब शुल्क लागू शकते. हे शुल्क त्या वेळी देय असलेल्या किमान रकमेपेक्षा जास्त आकारता येत नाही, त्यामुळे किमान रक्कम २५ डॉलर असेल, तर शुल्कही २५ डॉलरच्या वर जाणार नाही. तिसावा दिवस अधिक गंभीर आहे. कार्ड कंपन्या उशीर झाल्याची नोंद साधारणपणे ३० दिवस उलटल्यावरच क्रेडिट ब्युरोंकडे, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थांकडे, पाठवतात, आणि एकदा झालेली ती नोंद पत अहवालात सात वर्षांपर्यंत राहू शकते. माझ्या मते सवलत जाण्यापेक्षा या नोंदीची चिंता अधिक करावी, कारण वाढलेला दर पुढे उतरवून घेता येतो, पण खरी असलेली नोंद पुसून घेणे सर्वस्वी कंपनीच्या मर्जीवर अवलंबून असते.

साठावा दिवस ओलांडला, तर मात्र कंपनी ४५ दिवसांची लेखी सूचना देऊन दंडाचा, म्हणजे उशिराबद्दलचा चढा व्याजदर लावू शकते. ४,४०० डॉलर थकबाकीवर शून्याऐवजी २९.९९ टक्के दर लागला, तर पहिल्याच महिन्याचे व्याज सुमारे ११० डॉलर होते. या टप्प्यावरही एक मार्ग उरतो, आणि तो फारच थोड्या लोकांना ठाऊक असतो: दर वाढल्यानंतरचे पहिले सलग सहा हप्ते वेळेवर भरले, तर जुन्या रकमेवरचा दर कंपनीला पूर्ववत करावाच लागतो. अर्थात, त्या सहा महिन्यांत सवलतीची मूळ मुदतच संपली असेल, तर शून्य टक्के परत येत नाहीत आणि कार्डाचा नेहमीचा दर लागू होतो.

पैसे भरून झाल्यावर ग्राहक सेवेला फोन करावा. लांबलचक कारणे सांगण्याची गरज नसते, "माझ्याकडून पहिल्यांदाच उशीर झाला आहे, पूर्ण थकीत रक्कम आज भरली आहे, विलंब शुल्क माफ करता येईल का?" एवढे पुरते, आणि आधीचा व्यवहार चोख असेल, तर कंपन्या पुष्कळदा शुल्क माफ करतात. त्याच फोनवर सवलतीचा दर अजून चालू आहे ना आणि तो नेमका कोणत्या तारखेला संपतो, हे विचारून घ्यावे, आणि नंतर ॲपमधील संदेश सुविधेतून हेच प्रश्न पुन्हा लिहून पाठवावेत, म्हणजे उत्तर लेखी हाती राहते.

आतापर्यंतचे सारे खऱ्याखुऱ्या शून्य टक्के दराबद्दल होते. दुकानांच्या कार्डांवर त्याच्यासारखीच दिसणारी, पण स्वभावाने अगदी वेगळी योजना असते, आणि तिची जाहिरात "१२ महिन्यांत पूर्ण फेडल्यास व्याज नाही" अशा शब्दांत केलेली असते. त्या वाक्यातील "फेडल्यास" या शब्दावर सगळी मदार आहे. या योजनेत व्याज माफ झालेले नसते. ते पहिल्या दिवसापासून बाजूला साठत असते आणि मुदतीत रक्कम पूर्ण फिटली, तरच सोडून दिले जाते. १,५०० डॉलरची खरेदी दरमहा १२५ डॉलरने फेडत आणली, शेवटचा एक हप्ता मुदतीत गेला नाही आणि दर २८ टक्के असला, तर राहिलेल्या १२५ डॉलरपायी साठलेले सुमारे २२५ डॉलर व्याज एकदम अंगावर येते. मधल्या एखाद्या महिन्याचा थोडा उशीर इथेही ६० दिवसांच्या नियमाने सांभाळला जातो, पण मुदत संपण्याची तारीख टळली, तर कोणतेही संरक्षण उरत नाही. शिवाय ती तारीख आणि महिन्याची देय तारीख एकच असेल असे नाही; ती आठवडाभर आधीचीही असू शकते. म्हणून अशा योजनेत शेवटचा हप्ता एक महिना आधीच उरकावा, असे मी आग्रहाने सांगेन.

व्यवसायाच्या नावावर घेतलेल्या कार्डाला कार्ड ॲक्टमधील ही संरक्षणे सामान्यतः लागू होत नाहीत. तिथे करारात लिहिलेलेच खरे धरावे लागते आणि एका उशिराने सवलत संपेल असे करारात असेल, तर ती संपू शकते. दुकान किंवा छोटा उद्योग चालवणाऱ्यांनी आपले कार्ड कोणत्या प्रकारचे आहे, हे आजच पाहून घ्यावे.

हप्ता चुकण्याची कारणे बहुधा विसरभोळेपणाच्या पलीकडची असतात. व्याज नाही म्हटल्यावर त्या कार्डाकडे आपले लक्षच जात नाही, हे एक झाले. दुसरे असे, की जुन्या कार्डावरची रक्कम नव्या कार्डावर वळवण्याचा अर्ज केला की जुने कार्ड मिटले असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात रक्कम वळती व्हायला काही दिवसांपासून काही आठवडे लागू शकतात, आणि त्या मधल्या काळात जुन्या कार्डाचा हप्ता भरावाच लागतो. ऑटोपे, म्हणजे बँक खात्यातून हप्ता आपोआप जाण्याची सोय, सुरू केल्यावरही चालू महिन्याचा हप्ता त्यातून जाणार आहे की पुढच्या महिन्यापासून, हे तपासावे, कारण पुष्कळदा पहिला हप्ता हातानेच भरावा लागतो. बँक खात्यात पैसे नसल्यामुळे ऑटोपे परत गेला, तर तोही चुकलेला हप्ताच ठरतो.

उशीर झालेल्या महिन्यानंतरचे बिल हाती आले, की त्यातील व्याज आकारणीचा तक्ता उघडावा. नेहमीची खरेदी, रोख उचल आणि वळवलेली रक्कम यांचे दर तिथे वेगवेगळे छापलेले असतात. वळवलेल्या रकमेपुढे शून्य दिसत असेल, तर सवलत शाबूत आहे. दुसरा आकडा दिसला आणि आपला उशीर ६० दिवसांच्या आतला असेल, तर कंपनीला लेखी विचारणा करावी, आणि समाधानकारक उत्तर आले नाही, तर कन्झ्युमर फायनान्शियल प्रोटेक्शन ब्युरो या केंद्रीय संस्थेकडे ऑनलाइन तक्रार नोंदवावी. अशी तक्रार दाखल करायला शुल्क लागत नाही.