मिरकरवाड्याचा बर्फ इथे पुरत नाही

[रत्नागिरीची मिरकरवाडा जेटी, पहाट. बर्फाचा चुरा, बांगड्यांचे क्रेट.]
बांगडा लिलावापर्यंत टिकतो तो या बर्फावर. मेंदूतल्या गाठीच्या तुकड्यातल्या आरएनएचं, म्हणजे जनुकाचा संदेश वाहणाऱ्या नाजूक रेणूचं, एवढ्यावर भागत नाही. त्याला कातरणारं आरएनेज एन्झाइम पेशीत असतं, आपल्या हातांवर आणि घामातही. ऑटोक्लेव्हमधूनही, म्हणजे दाबाखालच्या वाफेनं निर्जंतुक करूनही, ते पुरतं मरत नाही.

[हातमोजे, पातं, छोटी बाटली.]
म्हणून तुकडा 5 मिलिमीटरपेक्षा पातळ कापायचा. अर्ध्या ग्रॅमला अडीच मिलिलीटर अमोनियम सल्फेटचं संरक्षक द्रावण. काप जाड राहिला, तर द्रावण पोचेपर्यंत मधला भाग नासतो. रात्रभर 4 अंशांवर मुरू द्यायचं, मगच उणे 80. लगेच गोठवणं ही नेहमीची चूक. मुरलेला नमुना 25 अंशांना आठवडाभर निभतो, 37 ला दिवसभर. म्हणजे मे महिन्यातही रत्नागिरीची रात्रीची बस मुंबईला वेळेत पोचते. मोठा फ्रीज नाही, वीज जाते, या सबबी इथे चालत नाहीत.

[ॲनिमेशन.]
या सगळ्या कामात शोधायची ती आरएनएला धरून बसणारी प्रथिनं. माणसात ती सुमारे 1500. त्यातल्या मुसाशीचं जनुक 1994 मध्ये फळमाशीत ओळखलं गेलं. ते बिघडलं की माशीच्या अंगावर एका केसाच्या जागी दोन उगवतात, म्हणून दोन तलवारींच्या सामुराईचं नाव. ग्लिओब्लास्टोमात, म्हणजे मेंदूच्या एका आक्रमक कर्करोगात, माणसातलं मुसाशी-1 भरपूर सापडतं. नम्ब जनुकाच्या संदेशाच्या शेपटाकडे ते चिकटतं आणि नम्ब प्रथिन बनू देत नाही. नम्ब म्हणजे पेशीला वाढत राहा सांगणाऱ्या नॉच संकेताचा ब्रेक. तो सुटला की पेशी विभागत राहते, जनुकातलं एक अक्षरही न बदलता.

[अतिनील दिव्याची पेटी.]
मुसाशीची आरएनएवरची ही पकड टिपायला बाटलीतला नमुना कामाचा नाही. त्यातल्या अमोनियम सल्फेटच्या मिठात प्रथिनं साकळतात. इथे जिवंत पेशी हव्यात. पोषक द्रव ओतून टाकून थंड पीबीएस (पेशींना मानवणारं खारट द्रावण) घालायचं, डिश बर्फावर, आणि 254 नॅनोमीटरचे किरण, दर चौरस सेंटिमीटरला 150 मिलिज्यूल. प्रथिन आणि आरएनए जिथे भिडलेत तिथेच सांधले जातात. झाकण काढायचं राहिलं, तर किरण प्लॅस्टिकमध्येच अडतात आणि दिवस फुकट. मग प्रतिपिंड लावलेल्या चुंबकी मण्यांनी मुसाशी ओढायचं, सोबत आलेला आरएनए वाचायचा. त्यात यूएजी ही अक्षरं वरचेवर दिसायला हवीत.

[रुग्णालयाचा व्हरांडा, पाऊस.]
ग्लिओब्लास्टोमावर शस्त्रक्रिया, रेडिएशन, टेमोझोलोमाइड हे केमोथेरपीचं औषध. तरीही निम्मे रुग्ण साधारण 15 महिन्यांपलीकडे जात नाहीत.

[बसस्थानक. थर्माकोलचा खोका.]
खोक्यावर तारीख, आत संमतीपत्राची प्रत, आणि गाठ निघाल्यापासून द्रावणात पडेपर्यंत गेलेली मिनिटं.