लंपनशी ओळख करून द्या

नमस्कार मंडळी.

आपल्या टोरांटोच्या मंडळाच्या मागच्या अभिवाचनाच्या कार्यक्रमाहून घरी जाताना गाडीत माझ्या लेकीनं विचारलं, "आई, तुमच्या पुस्तकांतली सगळी माणसं म्हातारी आणि पुण्याचीच का असतात?" मी म्हटलं, अगं, पु.लं.च्या 'व्यक्ती आणि वल्ली'तले अंतू बर्वा तर रत्नागिरीचे. तिला त्यानं काही फरक पडला नाही. घरी पोचल्यावर यावरून चांगलीच वादावादी झाली. तिचे बाबा म्हणाले, पु.लं.बद्दल असं बोलायचं नाही. ती म्हणाली, मी त्यांच्याबद्दल कुठं बोलले?

खरंच बोलली नव्हती. ती विचारत होती की बाकीचे कुठं आहेत.

नारायण आणि चितळे मास्तर मला घरच्यांसारखे आहेत. अंतूशेठ आठवले की हसू येतं आणि पाठोपाठ गळा दाटून येतो. पण दरवर्षी आपण याच मंडळींना स्टेजवर आणतो, मंडळाच्या कपाटात यांच्याच प्रती रांगेनं उभ्या असतात, आणि मित्रानं पुस्तक सुचवायला सांगितलं की तोंडात पहिली नावं यांचीच येतात. मुलांना वाटणार नाही तर काय, की मराठीत एवढीच माणसं राहतात?

म्हणून मी तिच्यापुढे लंपनला उभं केलं. प्रकाश नारायण संतांचा लंपन. कराडच्या महाविद्यालयात भूशास्त्र शिकवणाऱ्या या माणसाचं 'वनवास' हे पहिलं पुस्तक 1994 साली आलं, मग 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर'. आई-बाबा दूर दुसऱ्या गावी आणि हा आजी-आजोबांकडे. गाव बेळगावच्या बाजूचं, त्यामुळं मराठीत कानडीचा सूर मिसळलेला. त्याला जे होतं ते 'मॅड'सारखं होतं, आणि हजारो वेळा होतं. त्याची मैत्रीण सुमी समोर आली की त्याच्या पोटात जे होतं, ते कुठल्याही देशातल्या शाळकरी पोराला कळेल. दोन भाषांमध्ये वाढणारा, आपल्या माणसांपासून लांब राहणारा, डोक्यात सतत काहीतरी चाललेला मुलगा. मंडळी, टोरांटोतल्या आपल्या मुलांना यापेक्षा जवळचा सोबती कोण मिळणार? आणि तरी, मी विचारपूस केली, आपल्यातल्या फार थोड्या घरांत लंपन आलेला आहे.

त्याच्यानंतर आम्ही 'बनगरवाडी' घेतली. रोज रात्री मी वाचायचं, तिनं ऐकायचं. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी 1955 ची. माणदेशातली धनगरांची वाडी, औंध संस्थानानं तिथं धाडलेला कोवळा मास्तर आणि पोरांविना ओस पडलेली शाळा. शेकूकडे एकच बैल, म्हणून जुवाची दुसरी बाजू त्याची बायको आपल्या खांद्यावर घेते, तिथं लेक उठून बसली. "तिनं स्वतः?" पुढं वाडीतले लोक अंगमेहनत करून तालीम उभी करतात, आणि मग दुष्काळ पडतो. मेंढरं घेऊन वाडी जगायला बाहेर पडते. ते वाचताना माझा आवाज लागेना. आपणही घरं सोडून आलो, पण आपल्या बॅगेत नोकरीचं पत्र होतं. हा फरक तिला मला सांगावा लागला नाही, तिनंच बोलून दाखवला.

सुपरहिरोंच्या सिनेमाला धावणाऱ्या पोरांना अण्णाभाऊ साठ्यांचा फकिरा द्या. उपाशी माणसांसाठी धान्य लुटणारा, इंग्रजी सत्तेला अंगावर घेणारा नायक 1959 पासून आपल्याकडे आहे. मैत्रिणींना यमू द्या. हरि नारायण आपट्यांनी 1890 च्या दशकात 'करमणूक' साप्ताहिकातून 'पण लक्षात कोण घेतो' छापायला सुरुवात केली, तेव्हा यमू ही एक बाई स्वतःच्या तोंडानं स्वतःचं आयुष्य सांगते आहे, हे वाचकांना केवढं विलक्षण वाटलं असेल! पुस्तक लांबलचक आहे, भाषा जुनी आहे, तरीही द्या.

आणि देताना "छान आहे, वाच" एवढ्यावर सोडू नका. मंडळात नवीन कुटुंब आलं की आपण हाताला धरून ओळख करून देतो, कोण कुठले, काय करतात ते सांगतो, तसं सांगा. शेकूच्या बायकोबद्दल सांगा. लंपनच्या त्या 'हजारो वेळा'च्या आकड्यांबद्दल सांगा. पुण्याहून येताना आपण 23 किलोच्या बॅगेत भाकरवडी, भाजणी, गोडा मसाला सगळं बसवतो आणि पुस्तकाला मात्र वजन लागतं म्हणतो. हे थांबायला हवं.

एक गोष्ट मला सतावते. ही सगळी पुस्तकं माझ्या लेकीनं ऐकली आहेत, वाचलेली नाहीत. देवनागरीतलं एक पान वाचायला तिला इतका वेळ लागतो की गोष्ट हातातून सुटते. रविवारच्या शाळेत अक्षरं शिकून झालेल्या बहुतेक मुलांचं हेच आहे. लहानांसाठी माधुरी पुरंदऱ्यांची सुंदर पुस्तकं आहेत. पुढं तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना मात्र कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवावं लागतं, आणि त्याच वयात ती आपल्याजवळ बसेनाशी होतात.

कपाटाची किल्ली यापुढं शाळेच्या वर्गात ठेवावी आणि रविवारी शेवटचा अर्धा तास वाचनाला द्यावा, असं मी कार्यकारिणीला सुचवलं आहे. किल्लीला सगळे तयार आहेत. वाचायला दर रविवारी कोण येणार, ते अजून ठरलेलं नाही.